एका कोचला काढल्याचं पत्र

आमच्या सेक्टरमधली बरीचशी पत्रं माझ्याकडून लिहून घेतली जातात. पाण्याची तक्रार असो, महापालिकेला अर्ज असो, शाळेकडे फी भरायला मुदत मागायची असो, "सर, जरा चांगल्या मराठीत लिहून द्या ना," असं म्हणत कोणीतरी असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मला गाठतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला हे काम आपोआप चिकटतं. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. पण तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं एक पत्र अजून मनातून जात नाही. चार ओळींचंच होतं. 'आपण संघासाठी दिलेल्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत. तथापि, पुढील मोसमासाठी आपल्या सेवेची आवश्यकता नाही.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

ते पत्र एका फुटबॉल कोचसाठी होतं. कोपरखैरण्यात आमची चौदा वर्षांखालच्या मुलांची एक छोटी टीम होती. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, त्या टीममध्ये डाव्या बाजूला खेळायचा. टीम म्हणजे काय, वीसएक मुलं, पाच-सहा बाप आणि खर्च उचलणारे एक शेठ. जर्सी, बूट, टर्फचं भाडं, स्पर्धांची प्रवेश फी, सगळं तेच द्यायचे. मुलं त्यांना 'मालक' म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. माणूस वाईट नव्हता. रमजानमध्ये आम्ही इफ्तारनंतर सराव ठेवला तेव्हा सगळ्या मुलांसाठी खजूर आणि सरबत घेऊन यायचा, मग मूल हुसैनचं असो की गणेशचं. पण सामना सुरू झाला की गाडीतून उतरून थेट रेषेवर उभा राहायचा आणि कोचच्या वरताण ओरडायचा. कोणाला पुढे पाठव, कोणाला बाहेर काढ. त्यांचा भाचा स्ट्रायकर खेळायचा आणि तो कधीच बाहेर बसायचा नाही.

दीड वर्षात आम्ही तीन कोच पाहिले. मी ज्यांना पत्र लिहिलं ते दुसरे. ते रात्रपाळीची नोकरी करून सकाळी साडेसहाला मैदानावर हजर असायचे. पहिले चार महिने त्यांनी मुलांना लांब शॉट मारूच दिले नाहीत. जवळचा पास, पुन्हा पास, बॉल गेला तर पाच सेकंदांत परत मिळवा. मुलं शिकत होती, पण हरत होती. एका स्पर्धेत सहा-शून्यने हरली. त्याच रात्री इशाच्या नमाजनंतर चहावर बैठक झाली. शेठ म्हणाले, "पैसा मी घालतो, निकाल कुठे आहे?" कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिशातून पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी मुलाने विचारलं, "अब्बू, सरांची चूक काय होती?"

हा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते शोधताना मला आमच्या मैदानापेक्षा खूप मोठ्या मैदानांकडे पाहावं लागलं, आणि तिथेही हेच चालू असल्याचं दिसलं.

इंडियन सुपर लीग सुरू झाली ते 2014 साल. मुंबई सिटी एफसीचं पहिलं घर आमच्या नवी मुंबईतच होतं, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. कोपरखैरण्याहून पनवेलची लोकल पकडली की नेरूळ. 18 ऑक्टोबर 2014 ला तिथे मुंबईचा घरचा पहिला सामना पुण्याशी झाला. मुंबईने तो 5-0 ने जिंकला आणि ब्राझीलच्या आंद्रे मॉरिट्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांनी त्या दिवसांत पहिल्यांदा स्टेडियममध्ये फुटबॉल पाहिला. त्या मोसमात मुंबईचे कोच होते इंग्लंडचे पीटर रीड. आठ संघांत मुंबई सातवी आली. पुढच्या वर्षी कोच बदलला. फ्रान्सचा निकोला अनेल्का खेळाडूही होता आणि कोचही. मुंबई सहावी. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा नवा कोच, कोस्टारिकाचे अलेक्झांद्रे गिमाराएस. त्यांनी 2016 मध्ये संघाला गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर नेलं. तीन वर्षांत तीन कोच, तीन वेगळ्या पद्धती. गिमाराएस यांना मात्र दुसरा मोसमही मिळाला.

पुण्याची गोष्ट याहून दुःखाची आहे. एफसी पुणे सिटीची मालकी वाधवान समूहाकडे होती. सोबत सिनेमातले तारे, आधी हृतिक रोशन, नंतर अर्जुन कपूर. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये सामने. पाच मोसमांत या संघाचे कोच मोजा: इटलीचे फ्रांको कोलोंबा, इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, स्पेनचे अंतोनिओ हबास, सर्बियाचे रांको पोपोविच, स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल, मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी आणि शेवटी इंग्लंडचे फिल ब्राऊन. पाच वर्षांत सात नावं. यातल्या एकट्या पोपोविच यांनी संघाला उपांत्य फेरीत नेलं, 2017-18 च्या मोसमात. पुढच्या मोसमात तेच नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या पोर्तुगाल यांना तीन सामने मिळाले. तीन! आमच्या शाळेत नव्या शिक्षकाला वर्गातल्या मुलांची नावं पाठ व्हायलाही याहून जास्त दिवस लागतात.

2019 मध्ये तो क्लबच संपला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. पुण्याच्या 'ऑरेंज आर्मी'तल्या पोरांकडे नारिंगी जर्सी राहिल्या, संघ राहिला नाही. कोच बदलल्यामुळे क्लब बुडाला असं मी म्हणणार नाही, मालकांच्या पैशांच्या अडचणी वेगळ्या होत्या. पण पाच वर्षांत सात कोच नेमताना एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे कोच निवडणारे. सातही वेळा निवड त्यांचीच होती. निवड चुकली असेल तर ती सात वेळा चुकली. त्याचा हिशेब कोणी मागितला?

मालक असं का करतात, यावर मी बराच विचार केला, कारण आमच्या चहाच्या बैठकीतही मला तीच कारणं दिसली होती. संघ हरतो तेव्हा दोष अनेकांचा असतो. खेळाडू कमी पडतात, काहींना दुखापत होते, खरेदी चुकलेली असते, तयारीला वेळ मिळालेला नसतो. सुरुवातीच्या वर्षांत आयएसएलचा सगळा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच असायचा. पण पंचवीस खेळाडू एका रात्रीत बदलता येत नाहीत, त्यांचे करार असतात. मालक स्वतःला काढत नाही. उरतो एकच माणूस, ज्याला काढायला एक पत्र पुरतं. दोष त्याचा सर्वांत जास्त असतो म्हणून तो जात नाही, त्याला काढणं सर्वांत सोपं असतं म्हणून जातो. शिवाय कोच बदलला की 'काहीतरी केलं' असं दिसतं. चाहते शांत होतात, बातमी होते, नवा माणूस येऊन नवी स्वप्नं सांगतो.

आणि गंमत अशी की पुष्कळदा त्यानंतर संघ खरंच दोन-तीन सामने जिंकतो. मग मालकाला वाटतं, आपला निर्णय बरोबर होता. इथे मला माझा वर्ग आठवतो. वीस गुणांच्या घटक चाचणीत नेहमी बारा-तेरा मिळवणाऱ्या मुलाला एकदा पाच मिळाले. आई-बाप घाबरले, त्यांनी क्लास बदलला. पुढच्या चाचणीत त्याला पुन्हा बारा. पेढे नव्या क्लासच्या सरांना. पण तो मुलगा बाराचाच होता! पाच हा वाईट दिवस होता. जुन्या क्लासमध्ये राहिला असता तरी बहुधा बारावरच आला असता. फुटबॉलमध्येही कोच काढला जातो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यामुळे त्यानंतर सुधारणाच दिसणार. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी तिथल्या लीगमधल्या 1986 ते 2004 या काळातल्या कोचबदलांचा अभ्यास केला. कोच बदललेले संघ त्यांनी तसेच घसरलेल्या, पण कोच न बदललेल्या संघांशी ताडून पाहिले. बदलाने कामगिरी सुधारते असं त्यांना आढळलं नाही. जे सावरायचे होते ते दोन्हीकडे सावरले.

आमच्या टीमचंही तेच झालं. तिसरे कोच आले. त्यांनी शेठच्या मनासारखा खेळ लावला, गोलकीपरने लांब मारायचं आणि भाच्याने पळायचं. पहिले दोन सामने जिंकलो. शेठनी बिर्याणी दिली. मग पाच हरलो. मोसम संपायच्या आत निम्मी मुलं दुसऱ्या टीममध्ये गेली आणि पावसाळ्यानंतर टीम पुन्हा जमलीच नाही.

आता मी तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगतो जिच्यात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. खालिद जमील. आज त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण मी बोलतोय मुंबईतल्या त्यांच्या जुन्या वर्षांबद्दल. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेले, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले. दुखापतींमुळे खेळणं लवकर थांबलं. 2009 मध्ये मुंबई एफसीने त्यांना कोच केलं. हा क्लब मुंबई सिटीपेक्षा वेगळा, एस्सेल समूहाचा, आय-लीगमध्ये खेळणारा. ना तारे, ना झगमगाट, ना भरलेलं स्टेडियम. खालिद तिथे सात मोसम होते. ट्रॉफी एकही नाही. पण दरवर्षी कमी पैशांत संघ उभा करायचा आणि त्याला लीगमध्ये टिकवायचं, हे त्यांनी सातही वेळा केलं. आकडे पाहणाऱ्या मालकाला हे यश वाटत नाही. ज्याने कधी कमी पगारात घर चालवलं आहे त्याला ते लगेच कळतं.

2016 मध्ये क्लबने त्यांच्याशी फारकत घेतली. नवा कोच आणला, मोसमाच्या मध्येच त्यालाही काढलं आणि परदेशी कोच आणला. 2016-17 चा मोसम संपला तेव्हा मुंबई एफसी तळाला होती. संघाची घसरण झाली आणि मालकांनी क्लबच बंद केला.

खालिद तेव्हा कुठे होते? मिझोरमला. आयझॉल एफसी नावाचा छोटा संघ, जो आधीच्याच वर्षी लीगमधून खाली घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतला गेला होता. खालिद यांनी मुंबई एफसीमधल्या आपल्या ओळखीच्या काही मुलांना सोबत नेलं, त्यात जयेश राणे आणि आशुतोष मेहता होते. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी करून आयझॉल भारताचा विजेता झाला. ईशान्य भारतातला राष्ट्रीय लीग जिंकणारा पहिला क्लब. ज्या मोसमात मुंबई एफसी संपली, त्याच मोसमात तिने सोडलेला कोच देशाचा विजेता ठरला.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने हात वर केला. "सर, मग मुंबईत असताना ते का नाही जिंकले?" चांगला प्रश्न. याचा अर्थ असा की कोच एकटा काही नसतो. तोच माणूस, तीच शिस्त, पण आयझॉलमध्ये त्याच्या आजूबाजूला गाव होतं, तरुण मिझो मुलं होती आणि हरवण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. म्हणून जिंकल्यावर सगळं श्रेय कोचला देणं जितकं चूक, तितकंच हरल्यावर सगळा दोष त्याच्यावर टाकणं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे मालकांना शिव्या देण्याचा कार्यक्रम होईल. मालकाचा पैसा बुडतो, हे खरं आहे. आपल्याकडे फुटबॉल क्लब नफ्यात चालत नाहीत. पैसा घालणाऱ्याने काही विचारूच नये, असं मी म्हणत नाही. आमचे शेठ नसते तर मुलांच्या पायात बूट नसते. आणि कोच बदलून यश मिळाल्याची उदाहरणंही आहेत. रोमन अब्रामोविच 2003 पासून जवळजवळ एकोणीस वर्षं चेल्सीचे मालक होते, कोच कपडे बदलावेत तसे बदलायचे, आणि तरी क्लबने भरपूर जिंकलं. मार्च 2012 मध्ये त्यांनी कोच काढला, सहायक रॉबेर्तो दि मातेओ यांना जबाबदारी दिली आणि मे महिन्यात चेल्सी चॅम्पियन्स लीग जिंकली. पण त्याच दि मातेओ यांना नोव्हेंबरमध्ये काढलं! एवढा पैसा असला की चुका लपतात. आपल्याकडे मुंबई एफसीसारख्या क्लबला एक चूक पुरते.

गोव्याचं उदाहरण तर दोन्हीकडे बोलतं. जानेवारी 2020 च्या शेवटी एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं. संघ तेव्हा पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होता, व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याच्या बातम्या होत्या. त्यानंतरही गोव्याने त्या वर्षीची लीग शील्ड जिंकली. म्हणजे मालकांचं बरोबर? थांबा. लोबेरा मुंबई सिटीत आले. मुंबईची बहुतांश मालकी 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेली होती. त्यांनी लोबेरा यांच्यासोबत त्यांचे ओळखीचे खेळाडूही गोव्याहून आणले. 2020-21 मध्ये मुंबईने शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवलं ते गोव्यालाच.

आणि कोचसुद्धा साधुसंत नसतात. जास्त पैसे मिळाले की मोसमाच्या मध्यात संघ सोडून जाणारेही आहेत. खालिददेखील विजेतेपदानंतर आयझॉलला थांबले नाहीत, ईस्ट बंगालला गेले. जिथे मालकाला सब्र नाही तिथे कोचकडून वफादारीची अपेक्षा कशी करायची? दोघांनाही माहीत असतं की हे नातं पुढच्या तीन पराभवांपर्यंतचं आहे.

मी शिक्षक आहे, म्हणून मला सय्यद अब्दुल रहीम यांचा दाखला जवळचा वाटतो. 'मैदान' सिनेमामुळे आता त्यांचं नाव घराघरात पोचलं. हैदराबादचे रहीम साहेब पेशाने शाळेतले शिक्षक होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या हाताखालचा भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. दहा गोल! आजचा कोणताही मालक, आमचे शेठसुद्धा, त्याच रात्री पत्र लिहायला लावेल. पण चार वर्षांनी मेलबर्नला भारताचे कोच रहीमच होते, आणि भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक. त्यांचा हैदराबाद सिटी पोलिसचा संघ 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं आपल्या मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकून गेला. त्या संघाचे कोच ते 1950 पासून 1963 मध्ये इंतकाल होईपर्यंत होते. शिकवणाऱ्याला वेळ मिळाला की काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण आपल्या देशात मला माहीत नाही.

आपल्या राज्यात शिक्षणसेवकाला कायम होण्याआधी तीन वर्षं पाहिलं जातं. त्या तीन वर्षांत त्याचे हाल होतात, मानधन तुटपुंजं असतं, हे मी जाणतो. पण निदान एवढं मान्य केलेलं असतं की शिकवण्याचं फळ तीन महिन्यांत दिसत नाही. पाचवीत मी शिकवलेला काना-मात्रा दहावीच्या पेपरात दिसतो. तेव्हा मी त्या वर्गावर नसतो आणि शाबासकी दुसऱ्याला मिळते. चालायचंच.

मग कोचला कधीच काढू नये का? तसंही नाही. आपल्या इतिहासात याचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. हजरत उमर यांनी हजरत खालिद बिन वलीद यांना सेनापतिपदावरून दूर केलं. एकही लढाई न हरलेला सेनापती! लहानपणी मकतबमध्ये हे ऐकलं तेव्हा मला फार अन्याय वाटला होता. मोठेपणी त्यातलं दुसरं काही दिसलं. इतिहासकार लिहितात की उमर यांनी प्रांतोप्रांती कळवलं होतं की हे राग किंवा गैरव्यवहार यामुळे केलेलं नाही. लोक विजय अल्लाहकडून न मानता खालिदमुळे मानू लागले होते, म्हणून केलं. म्हणजे काढताना कारण सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं आणि इज्जत राखली. आणि खालिद? ते अबू उबैदा यांच्या हाताखाली लढत राहिले.

आमच्या चार ओळींच्या पत्रात कारण नव्हतं. मला ते लिहिताच आलं नसतं, कारण खरं कारण असं होतं: 'आम्हाला घाई आहे, शेठना भाचा खेळायला हवा आहे आणि आमच्यात शेठना नाही म्हणण्याची हिंमत नाही.' हे चांगल्या मराठीत कसं लिहिणार? म्हणून 'तथापि' घातलं. आपल्याकडे मशवऱ्याला मोठं स्थान आहे. त्या रात्री आम्ही सहा जण बसलो, त्याला आम्ही मशवरा म्हटलं. पण ज्याच्याबद्दल बोलायचं तो तिथे नव्हता, आणि जे खेळणार त्या मुलांना कोणी विचारलं नाही.

खालिद जमील 1 ऑगस्ट 2025 ला भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाला मिळालं. सुरुवात छान झाली, सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. मग ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून गोव्यात हार आणि आशियाई करंडकाची दारं बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी डबा उघडता उघडता म्हणाले, "बदला आता याला." मी विचारलं, "का?" ते म्हणाले, "हरले ना!" मी म्हटलं, "ते दिसलं. कारण विचारतोय." ते हसले आणि भाजी पुढे केली.

गेल्या हिवाळ्यात कोपरखैरणे स्टेशनच्या जिन्यावर आमचे ते कोच भेटले. मी ओळख चुकवून पुढे सरकणार होतो, खरं सांगतो. त्यांनीच हाक मारली. "सलाम सर!" आता ते घणसोलीकडे लहान मुलांना शिकवतात. बोलताना त्यांनी आमच्या टीममधल्या नऊ-दहा मुलांची नावं घेतली. गोलकीपर अजून उडी मारायला घाबरतो का? तो उंच मुलगा पुढे खेळतो का? मग माझ्या मुलाबद्दल विचारलं. "त्याचा डावा पाय सोन्याचा आहे सर, उजव्याने कधी मारायचाच नाही. आता मारतो का?"

मी म्हटलं, मारतो. खरं तर मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी त्याच्या उजव्या पायाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

पत्राबद्दल ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. ठाण्याची गाडी आली, ते धावत गेले. घरी येऊन मुलाला विचारलं. तो म्हणाला, "थोडं थोडं. सरांनी सांगितलं होतं तसं भिंतीवर रोज पन्नास मारतो."

ज्यांना आम्ही 'निकाल नाही' म्हणून काढलं, त्यांचा निकाल तीन वर्षं आमच्याच बिल्डिंगच्या भिंतीवर रोज आपटत होता. खालच्या मजल्यावरचे शेजारी त्या आवाजाची तक्रार घेऊन आले तेव्हा मी त्यालाच ओरडलो होतो.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. सरांची चूक काही नव्हती. चूक निवडणाऱ्यांची आणि गप्प बसणाऱ्यांची होती, आणि पत्र लिहिणारा त्यातलाच एक. हा लेख मी आज त्या सरांना पाठवतो आहे. यात 'तथापि' नाही. माफी आहे, आणि येत्या रविवारी सकाळी साडेसहाला घणसोलीच्या मैदानावर येऊ का, एवढी विचारणा आहे. मुलाला यायचं आहे. लहान मुलांचे बॉल गोळा करायला त्यांना कोणी लागत असेल, तर मलाही.